आमचा टीव्ही थोडा डावीकडे कललाय

रविवार, १४ डिसेंबर, किहीम. सकाळी टीव्ही बसवायला माणूस आला, दुपारी जेवणाच्या वेळेला गेला. टीव्ही उत्तम चालू आहे.

मी इथे फारसं लिहीत नाही. पण त्या रविवारपासून घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतोय, "टीव्ही वाकडा का लावलाय?" एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो...

मीना, माझी बायको, गेल्या वर्षी गेली. वर्षभर घरात नवीन काही आणायचं नाही, असं आमच्याकडे पाळतात. वर्षश्राद्ध झालं आणि मुलाने पुण्याहून हा मोठा टीव्ही पाठवला.

खोकं बरेच दिवस तसंच भिंतीला टेकून उभं होतं. शेवटी पालीहून माझी मोठी बहीण आली. "खोक्याची पूजा करतोस का रे? उघड की!" म्हणाली, आणि टीव्ही बसवणाऱ्या अलिबागच्या महेशला फोन करायला लावला.

महेशने दोन स्टँड आणले होते. एक भिंतीला चिकटून बसणारा, दुसरा हात असलेला, हवा तसा फिरणारा. शेजारच्या वाडीतले पांडूदादा झाडांना पाणी सोडून मुद्दाम बघायला आले होते. ते लगेच म्हणाले, "फिरताच घे. म्याच असली का खिडकीकडं फिरव, मी वाडीतूनच बघीन."

पण आमची भिंत चिऱ्याची, म्हणजे मऊ जांभ्या दगडाची. हातावर वजन पुढे आलं की चिऱ्यातलं भोक हळूहळू मोठं होतं, असं महेश म्हणाला. म्हणून साधाच घेतला. पांडूदादा थोडे नाराज झाले...

मग उंची. टीव्ही आम्ही झोपाळ्यावरूनच बघतो, म्हणून मी माझ्या जागेवर, उजव्या बाजूला बसलो आणि महेशने माझ्या डोळ्यांसमोर पेन्सिलने खूण केली. ताई म्हणाली, "वर घे, वाकून नमस्कार करायचाय का त्याला?" पांडूदादा म्हणाले, "खाली घे, मान धरंल." दोघांचं भांडण मिटेपर्यंत माझा चहा पिऊन झाला.

भोकं पडली, लांब बोल्ट आत गेले, टीव्ही चढला. छान दिसत होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ताई ओरडली, "अरे, हा वाकडा बसलाय!"

महेशने टीव्हीवर पाणसळ ठेवली, ती सरळ-तिरकं दाखवणारी बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा बरोबर मधे. पांडूदादा दारात गेले, एक डोळा मिटून बघितलं. "वाकडाच हाय," म्हणाले. शेवटी महेश स्वतः दारात जाऊन उभा राहिला... आणि त्यालाही वाकडाच दिसला! बिचारा घामाघूम.

त्या दारातून बघितलं की पुढे झोपाळ्याची फळी दिसते आणि तिच्यामागे भिंतीवर टीव्ही. महेशने वैतागून पाणसळ झोपाळ्यावर ठेवली. बुडबुडा सरळ उजव्या टोकाला पळाला.

टीव्ही सरळ होता. झोपाळाच तिरका होता... आणि तो का, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

मीना उंचीने लहान. झोपाळ्यावर बसली की तिचे पाय जमिनीला पोचायचे नाहीत, झोका मीच द्यायचा. मग कधीतरी मी तिच्या बाजूच्या, म्हणजे डावीकडच्या साखळ्या एकेक कडी खाली घेतल्या. संध्याकाळी आम्ही बिरड्याचे वाल सोलत बसायचो. माझे सोललेले बुळबुळीत वाल उतारावरून घसरत तिच्या परातीत जायचे. "तुमचं सगळं शेवटी माझ्याकडेच येतं," म्हणायची. पुढे तो उतार आमच्या लक्षातही राहिला नव्हता.

"मग घे ना एक कडी वर," ताई महेशला म्हणाली. "आता एकटाच तर बसतो हा."

महेश स्टुलावर चढला, साखळीला हातही लावला. "राहू दे!" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला असं काही समजावून सांगता येत नाही. मीनाचे पाय पोचत नव्हते, एवढंच बोललो. मग म्हटलं, "झोपाळा नको. टीव्हीच थोडा वाकवा."

महेश स्टुलावरून खाली उतरला. "काका, वाकडा लागला म्हणून शिव्या खाल्ल्यात मी. वाकडा लाव म्हणून पहिल्यांदाच कोणी सांगतंय." मग हसत स्टँडचे स्क्रू ढिले केले. "फक्त कोणी लावला, ते सांगू नका." पांडूदादा म्हणाले, "मी सांगणार, आख्ख्या गावात!"

ताई पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. "अजून थोडा डावीकडे... अजून... बस. आता सरळ आहे." तिचा आवाज जरा बदलला होता. तिचे आणि महेशचे आभार समोर मानायचे राहिले, ते इथे मानतो.

तर टीव्ही वाकडा नाही. झोपाळ्यावर येऊन बसा, बरोबर दिसेल.

संध्याकाळी ताई पालीला गेली. जाताना मोड आलेले वाल ठेवून गेली होती. मी टीव्हीवर बातम्या लावल्या, झोपाळ्याच्या डाव्या टोकाला परात ठेवली आणि उजवीकडे बसून वाल सोलायला घेतले. एक मधेच फळीच्या फटीत अडकला. त्याला बोटाने पुढे ढकललं.