तोंड इकडं, गुरुजी

"तोंड इकडं, गुरुजी."

एवढं बोलून त्या वर्गात शिरायच्या. नमस्कार नाही, येऊ का नाही, काही नाही. मी फळ्यावर गुणाकार मांडत असायचो. पाठ पोरांकडे, तोंड फळ्याकडे, आणि बोलणं अखंड चालू, "सात पंचे पस्तीस, हातचे तीन..." तेवढ्यात खांद्यावर एक बोट टेकायचं. वळून बघावं तर बाई. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी, पायात पुरुषी चपला. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला भर वर्गात असं फिरवून उभं करायचं म्हणजे काय! मला राग यायचा आणि तो माझ्या तोंडावर दिसायचाही. त्यांचं तिकडे लक्षच नसायचं. त्या मागच्या पोरांमध्ये मांडी घालून बसलेल्या असायच्या.

बाई फिरत्या विशेष शिक्षिका होत्या. ज्या पोरांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्यांना गावच्याच शाळेत बाकीच्या पोरांबरोबर शिकवायचं, असं सरकारनं ठरवलं. त्यासाठी अशा बाया-माणसं कंत्राटावर नेमली. पाटोदा तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांच्या शाळा एकट्या बाईंकडे होत्या. आमच्या वाडीचा वार मंगळवार. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून त्या माळ तुडवत यायच्या. मूळच्या तेलगावकडच्या. घरच्यांविषयी कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

बोलायच्या मात्र सगळ्यांशी एकाच पद्धतीनं. समोर उभं राहायचं, डोळ्यात बघायचं आणि प्रत्येक शब्द ओठांवर ठेवून सावकाश बाहेर सोडायचा. फाट्यावरचा चहावाला एकदा वैतागून म्हणाला, "बाई, मला ऐकू येतंय की वो चांगलं!" बाई त्यालाही त्याच संथपणानं म्हणाल्या, "मंग साखर कमी का घालत न्हाईस रे?"

आमच्या शाळेत त्या यायच्या त्या रेणुकासाठी. रेणुका चौथीत होती. तिला जन्मापासून ऐकू कमी. खरं तर जवळजवळ नाहीच. तालुक्याच्या शिबिरात तिला कानातलं मशीन मिळालं होतं. ते मी शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. सरकारी वस्तू, हरवली तर कोण जबाबदार? साहेब तपासणीला आले की काढून दाखवायचो. हसू नका. तुमच्या ओळखीच्या शाळेचं कपाटही एकदा उघडून बघा.

रेणुकाला मी दाराजवळ बसवलं होतं. फळा पुसायचा, पाण्याचा हंडा भरायचा, खडू आणायचा, सगळं ती करायची. अक्षर तर असं सुरेख, की फळ्यावरचं उतरवून घ्यायची तेव्हा बघत राहावं. मी सगळ्यांना सांगायचो, लई गुणाची पोर हाय. दरवर्षी पास करून पुढे ढकलायचो आणि मनात म्हणायचो, आपण किती दयाळू!

पहिल्या मंगळवारी बाई रेणुकाच्या जागेवर बसल्या, पिशवीतला कापूस कानात कोंबला आणि मला म्हणाल्या, "शिकवा." मी अर्धा तास शिकवलं. तास संपल्यावर त्यांनी कापूस काढला.

"मला काय बी कळलं न्हाई, गुरुजी. तुमी निम्मा वेळ फळ्याशी बोलता."

"आणि निम्मा?"

"निम्मा मिशीत."

आता मिशीविषयी सांगितलंच पाहिजे. माझी मिशी म्हणजे तीन वाड्यांत ओळख होती. पोरं मला मिशीवाले गुरुजीच म्हणायची. दाट, वरच्या ओठावरून खाली उतरलेली, टोकांना पीळ.

बाई म्हणाल्या, "रेणुका ओठ बघून शिकणार. तुमचे ओठच दिसत न्हाईत. तिला दिसतं ते काय, तर एक केसाळ सुरवंट हलायलाय. मिशी काढा."

पोरं फिदीफिदी हसली. माझं डोकं सणकलं. आमच्याकडे बाप जिवंत असताना मिशी उतरवत नाहीत. बाप गेला की दहाव्याला उतरवायची. माझे वडील ऐंशीच्या घरातले, पण ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, "हे जमणार न्हाई. दुसरं काय बी सांगा."

त्यांनी वाद घातला नाही. कपाट उघडायला लावलं, मशीन रेणुकाच्या कानात बसवलं आणि जाताना शेरेबुकात एक ओळ लिहिली : 'गुरुजींचे ओठ दिसत नाहीत.' पुढच्या मंगळवारी तोच शेरा. त्याच्या पुढच्याही मंगळवारी तोच. केंद्रप्रमुखांनी एकदा शेरेबुक चाळलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "ही काय भानगड हाय, गुरुजी?" मी काय सांगणार, कपाळ!

बाई रेणुकाला शिकवायच्या ते पुस्तकातलं नव्हे. तिच्या घरातलं. त्यांनी तिच्या घरी जाऊन काय काय आहे ते बघितलं होतं. वहीत गाय काढायची, ओठांनी 'तांबडी' म्हणायचं, तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, मग लिहायचं. तांबडी, कालवड, गोऱ्हा, पेंड, बादली. गाय व्याली, पाणी आलं, आई गेली. रेणुका आठवडाभर त्या शब्दांवर बसायची. पण बाई आठवड्यातून एकदाच. बाकी पाच दिवस तिच्यापुढे मी आणि माझा सुरवंट.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरी तळाला गेल्या, टँकरपुढे भांड्यांच्या रांगा लागल्या. तालुक्यातल्या एका सहकारी दूध संस्थेनं फाट्याजवळच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. चारापाणी मिळायचं, पण रोज दोनदा जनावरांची मोजणी व्हायची आणि तेव्हा घरचं माणूस दावणीला हजर लागायचं. रेणुकाचे आईवडील रोजगार हमीच्या कामावर, भाऊ सातवीत. एक दिवस तिचे वडील शाळेत आले.

"गुरुजी, पोरीला छावणीवर बसवतो. तिचं शाळेत काय नडलंय? तेवढी हजेरी तुमी सांभाळा."

आणि मी हो म्हणालो. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. माणूस अडचणीत आहे, पोरीला तसंही काही कळत नाही, असंच मनात आलं. रोज सकाळी तिच्या नावापुढे हजर लावत गेलो.

मंगळवारी बाई आल्या. दाराजवळची जागा रिकामी. त्यांनी हजेरीपट उघडला, बोट फिरवत रेणुकाच्या नावापाशी आल्या. आठवडाभर हजर.

"गुरुजी, पोरगी समोर बसत होती तवा तुमी तिला शिकवलं न्हाई. आता न्हाई, तर हजर लावायलात."

आवाज चढलेला नव्हता. त्या छत्री उघडून चालायला लागल्या. मी फटफटी काढून मागे गेलो, बसा म्हणालो. त्या बसल्या नाहीत. दोन मैल त्या उन्हात पुढे आणि मी फटफटी ढकलत मागे. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

छावणीत हिरव्या जाळीखाली रेणुका बसली होती. तांबडी शेजारी उभी. कानात मशीन नव्हतं. धुळीनं खराब होईल म्हणून वडिलांनी पेटीत ठेवलं होतं. बाईंना बघून ती धावत आली आणि तिनं सरळ त्यांचा गळा चाचपला. वडील दुपारच्या मोजणीला आले होते. बाईंनी त्यांना गाठलं.

"दादा, पोरीला शाळेत पाठवा."

"कावून बाई? तिला तिथं काय कळतंय? हितं निदान जनावराच्या तरी कामाला येती. पाचवीपस्तोर ओढून काय करू?"

"दोन मंगळवार द्या. दुसऱ्या मंगळवारी शाळेत या. तुमाला वाटंल ते वाक्य सांगा. ते तोंडानं सांगितलेलं तिनं फळ्यावर लिहिलं न्हाई, तर बसवा हितंच. मी परत तुमच्या दारात येणार न्हाई."

"तुमी सांगणार वाक्य?"

"मी न्हाई. गुरुजी सांगतील. मी आठ दिवसांनी येणार, तिला रोज गुरुजीच हायत."

दावणीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. बाई मात्र माझ्या मिशीकडे बघत होत्या.

संध्याकाळी घरी माझ्या वडिलांपुढे बसलो. सगळं सांगितलं, हजेरीचंसुद्धा. ते तंबाखू मळत ऐकत होते.

"मिशी काढली तर पोरीला कळंल?"

"बाई म्हणतात कळंल."

"मंग काढ की बे. मी काय तुज्या मिशीवर जगायलोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी फाट्यावर बबनच्या सलूनमध्ये गेलो. मिशी काढ म्हणालो. बबनचा वस्तरा हातातच राहिला. चेहरा पडला.

"गुरुजी... घरात कुणी गेलं का?"

"न्हाई रे. काढ तू."

त्यानं तीनदा विचारून काढली. घरी पोचेपर्यंत दोन माणसं सांत्वनाला आली होती. वडील ओट्यावरून ओरडून सांगत होते, "हाय, हाय! जित्ता हाय मी!"

ते दोन आठवडे मी नव्यानं शिकवायला शिकलो. आधी लिहायचं, मग वळायचं, रेणुकाचे डोळे माझ्यावर येईपर्यंत थांबायचं आणि मगच बोलायचं. सवय इतकी जुनी, की तोंड पुन्हा पुन्हा फळ्याकडे वळायचं. मग बाकीची पोरंच एका सुरात ओरडायची, "तोंड इकडं, गुरुजी!" रेणुका दाराजवळून उठून समोर आली. माझ्या उघड्या ओठांकडे ती पहिले दोन दिवस अशी बघायची, जणू वर्गात कुणी नवाच मास्तर आलाय. तीन वर्षं मी तिच्यापुढे बोलत होतो आणि तिनं मला बोलताना कधी पाहिलंच नव्हतं.

दुसरा मंगळवार आला. रेणुकाचे वडील छावणीवरून थेट येऊन दारात उभे राहिले, धुळीसाठी तोंडावर दस्ती बांधलेली. खिडक्यांत माणसं. बाई मागे पोरांमध्ये बसल्या. वडिलांनी माझ्या कानात वाक्य सांगितलं. मी रेणुकाला समोर उभं केलं, हात पाठीमागे बांधले आणि म्हणालो, "तांबडी व्याली."

ती बघत राहिली. बोटानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा म्हणालो. चुकली तर ती उद्यापासून त्या जाळीखाली, आणि ती चूक तिची नसणार, माझी असणार.

तिनं खडू घेतला. 'तांबडी' लिहिलं. थांबली. माझ्या ओठांकडे वळून बघितलं. मी तिसऱ्यांदा म्हणालो. तिनं लिहिलं, 'याली'. अर्धा 'व' राहून गेला होता. पण खिडकीतून कुणीतरी "आगं बया!" म्हणालं.

आम्हाला वाटलं, झालं. पण तिनं खडू ठेवला नाही. वडिलांकडे बघितलं, पुन्हा फळ्याकडे वळली आणि लिहिलं, 'कालवड?'

ते कुणीच सांगितलं नव्हतं. ती विचारत होती.

वडील दस्तीआडून काहीतरी पुटपुटले. मागून आवाज आला, "तोंड इकडं, दादा. ती दस्ती खाली घ्या."

त्यांनी दस्ती खाली ओढली. लेकीसमोर येऊन वाकले आणि ओठ उघडून सावकाश म्हणाले, "कालवड. कालवड झाली, बाळा." रेणुका हसली, दोन्ही हातांनी वासराएवढी उंची दाखवायला लागली. चौथीत गेलेल्या पोरीनं बापाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. तो माणूस तिथंच जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. नंतर एवढंच म्हणाला, "मी बसतो छावणीवर."

त्या दिवशी बाईंनी शेरेबुकात लिहिलं : 'गुरुजींचे ओठ दिसतात.' मला ओरडून सगळ्या वाडीला दाखवावंसं वाटलं.

पुढे रेणुका पाचवीला गेली, मग फाट्यावरच्या हायस्कुलात. बाई तिथेही जायच्या. एका जूनमध्ये त्यांच्या नेमणुकीचा आदेश लांबच्या तालुक्यात निघाला आणि मंगळवार बंद झाले. जाताना भेट झाली नाही. मी कधी त्यांचे आभार मानले नाहीत. मानायचे असतात हेच सुचलं नाही, एवढा मी शहाणा! माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला बबन वस्तरा घेऊन समोर बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की माझ्या ओठावर उतरवायला काही नाही. ती आधीच गेली होती, वडिलांच्याच हुकमानं.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. आता कुणाला शिकवायचंय, म्हणून मिशी वाढू दिली. चांगली आली, पांढरी, पण दाट.

परवा सकाळी रेणुका घरी आली. आता ती एका दूध संस्थेत दुधाची तपासणी करते. अंगणात उभी राहिली आणि बाईंकडून शिकलेल्या तिच्या सपाट आवाजात म्हणाली, "बाई गेल्या."

मला धक्काच बसला. "कधी? काय झालं गं? आजारी होत्या का?" मी विचारत सुटलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कपाळाला आठ्या घालून बघत होती आणि तिला काही कळत नव्हतं. मग तिनं मान हलवली, कळत नाही म्हणून. डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्या ओठांवर काहीतरी शोधत होती.

तिला बसायला सांगितलं, ते खुणेनं. फटफटी काढली आणि फाट्यावर गेलो. बबन आता म्हातारा झालाय. खुर्चीत बसलो आणि मिशीकडे बोट दाखवलं.

त्याचा वस्तरा थांबला.

"गुरुजी, घरात कुणी गेलं का?"

"हो," मी म्हणालो. "काढ. पोरगी थांबलीय घरी."