कळकलेलं सार

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी अंधेरीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात संशोधन करत होते. संशोधन म्हणजे काय, तर सॅलिसिलाल्डिहाइड आणि एक अमाइन अल्कोहोलात उकळायचं. त्यातून पिवळेधमक स्फटिक मिळत, त्यांना शिफ बेस म्हणतात. त्यांच्या द्रावणात तांब्याचा क्षार घातला की बघता बघता सगळं हिरवं होई. तळाशी बसलेली पूड गाळून, वाळवून मी बाटलीत भरून ठेवी. प्लॅटिनमच्या एका संयुगानं उंदरांच्या गाठी विरल्याची बातमी तेव्हा आमच्यापर्यंत पोहोचली होती. आम्ही प्लॅटिनम कुठून आणणार? सरांनी तांब्यावर समाधान मानलं. माझ्या पुडीची तर अजून उंदराशीसुद्धा गाठ पडली नव्हती.

घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत मात्र मी शेखी मिरवली. आत्यानं विचारलं, "दिवसभर काय करतंस गो थंय?" मी म्हटलं, "कॅन्सरवरचं औषध." प्रबंधात मी प्रत्येक ठिकाणी 'संभाव्य' हा शब्द इमानेइतबारे लिहीत होते. घरी तो गाळला. आत्याला त्यातलं काय कळणार, असं मला वाटलं, आणि त्या वाटण्याची मला आजही लाज वाटते.

आत्या विधवा, आमच्याकडेच राहायची. मरोळच्या एका कारखान्यात ती गोळ्या बाटल्यांत भरायच्या कामाला होती, त्यामुळे औषध या गोष्टीवर तिचा फार विश्वास. तिनं खोदून खोदून विचारलं, पुडीला हिरवा रंग कशानं येतो?

"तांब्यानं," मी म्हटलं, आणि विसरून गेले.

पुढे तिची तब्येत उतरायला लागली. जेवण नको, सारखी मळमळ. आई म्हणायची, उन्हाचं पित्त आहे. एका रविवारी फळी पुसताना मला डब्यांच्या मागे झाकून ठेवलेलं तांब्याचं पातेलं सापडलं. आत आमसुलाचं सार होतं, कडेनं हिरवट झालेलं. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, विषारी होतं, टाकून द्यावं लागतं, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. कल्हईवाल्याची हाक आली की भांडी घेऊन सगळ्यात आधी खाली धावायची ती आत्याच. तिनं हे सार मुद्दाम कळकवलं होतं.

"हे काय आहे, आत्या?"

"तुझाच औषध," ती म्हणाली. "तुका कित्याक त्रास देव? तांबा घरात आसा."

मग पदर बाजूला करून तिनं मला छातीतली गाठ दाखवली. लिंबाएवढी होती. ऑपरेशनच्या धास्तीनं तिनं ती कोणाला सांगितली नव्हती, आणि दोन महिने रोज सकाळी वाटीभर सार पीत होती.

घाबरले की मी ओरडते. तशी तिच्यावर ओरडले. ते औषध नाही, नुसती पूड आहे, अजून कोणालाच दिलेली नाही.

ती शांतपणे म्हणाली, "मगे औषध कित्याक म्हटलंस?"

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन परळच्या इस्पितळात गेले. ऑपरेशन होऊनही आत्या पुढे वर्षभरसुद्धा राहिली नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो परळचा पहिला दिवस. गाठ काखेपर्यंत पोहोचली होती. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने आधी यायला हवं होतं. इतके दिवस काय करत होता?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यानं माझा हात दाबला. जन्मभर मालवणीच बोललेली ती बाई स्वच्छ, सावकाश शब्दांत म्हणाली, "गावाला गेले होते, डॉक्टर."

चार वर्षांत ती गावाला गेली नव्हती. डॉक्टरांनी तेच कागदावर लिहून घेतलं, आणि मी ते लिहू दिलं.