पांढरी

लकवा मारल्यावर मामंजींना एकच शब्द उरला होता, पांढरी. ज्या माणसानं खेड्यावर पुस्तकं लिहिली, विधानसभेत तासन्‌तास भाषणं ठोकली, त्याच्या जिभेवर एवढंच राहिलं. डोळे उघडले की पांढरी, औषध दिलं की पांढरी. आम्हाला कळत नाही असं दिसलं की चालत्या डाव्या हातानं पलंगाचा कठडा बडवत पुन्हा पांढरी.

हैदराबादेत मलकपेठच्या आमच्या घरात मग पांढऱ्या वस्तूंची रांगच लागली. यांनी कपाटातून आमदारकीच्या काळातला खादीचा सदरा काढला. मामंजींनी तो भिरकावला. सांभाळायला ठेवलेली बाई "तेल्लदि कावाला, सार?" असं तेलुगूत, पांढरं हवंय का विचारत दहीभाताची वाटी पुढे करी. शेजारच्या काकूंना ‘पंढरी’ ऐकू आलं, म्हणून त्या विठोबाची तसबीर घेऊन आल्या. जन्मभर देव न मानलेल्या माणसाच्या उशाशी विठोबा! मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला.

माझं माहेर शहरातलंच, जामबागचं, वकिलांचं. आमच्याकडे शेत म्हणजे कोर्टातला दावा. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, "सासरा लेखक आहे आणि पुढारीही आहे. तुला बोलायची पाळी येणार नाही." खरंच आली नाही. जेवताना मामंजी गावाबद्दल बोलत आणि भाजी गार होई. सीमेवरच्या तालुक्यातलं त्यांचं गाव. तिथला एकेक बांध आणि एकेक भांडण त्यांच्या गोष्टींत होतं. आपल्याबद्दल इतकं खरं लिहितो, तो आपलाच माणूस, असं म्हणून लोकांनी त्यांना निवडून दिलं. पुढं गावाजवळ धरण बांधायचं ठरलं तेव्हा याच आपल्या माणसानं विधानसभेत धरणाच्या बाजूनं हात वर केला. पारावर उभं राहून गावाला सांगितलं, "मी आहे ना."

गाव पाण्यात गेलं. लोकांना वर माळावर ओळीनं घरं मिळाली. मामंजी तिथं मतं मागायला गेले तेव्हा कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. फक्त कोणी रामराम घातला नाही. ते पडले, हैदराबादला येऊन बसले, आणि त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. ती त्यांनी स्वतःला दिलेली शिक्षा होती असं मला वाटतं. हे म्हणतात, सुचलं नसेल.

त्या शब्दाचा उलगडा माझ्या मुलीमुळे झाला, तोही चुकून. ती तेलुगू, उर्दू, मराठी एका दमात बोलते, पण मराठी वाचायची म्हटलं की अडखळते. आजोबांना बरं वाटावं म्हणून त्यांचंच पुस्तक घेऊन बसली आणि पहिल्याच ओळीत थांबली.

"मम्मी, ही पांढरी कोण आहे जी? आजोबांची कोई खास थी क्या?"

मी पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं. ‘पांढरी जागी झाली तेव्हा माणसं काळीत पोचलीसुद्धा होती.’ काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि गाव ज्या मातीवर वसतं ती पांढरी. कुणब्याच्या तोंडचे रोजचे शब्द. आमच्या घरात मात्र तो नुसता रंग होऊन बसला होता.

"मामंजी, गावाला जायचंय?"

ते लहान मुलासारखे हमसून हमसून रडले.

यांनी माळावर राहणाऱ्या चुलतभावाला फोन लावला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की पांढरी उघडी पडते, अमावास्येला बाया खाली जाऊन आपापल्या चुलीच्या जागी निवद ठेवतात, असं त्यानं सांगितलं. आणू का विचारल्यावर म्हणाला, "आना की. पांढरी काय कुनाच्या बापाची हाय?" आदरानं म्हणाला की टोमणा मारला, ते यांना कळलं नाही. मला कळलं.

आम्ही अमावास्येलाच गेलो. भेगाळलेल्या गाळावर घरांची जोती तेवढी उरली होती. यांनी ओळखून आमच्या जोत्याशी मामंजींची खुर्ची ठेवली. बाया सुपात निवद घेऊन येत होत्या, बसत होत्या, पुढच्या घराकडे सरकत होत्या. जिच्या घरचं कोणी आलं नव्हतं, तिच्या चुलीलाही शेजारीण घास ठेवत होती. आमचं जोतं मात्र सगळ्या ओलांडून गेल्या. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला मामंजी सांगत होते, "पांढरी." कोणी मान वळवली नाही.

माझं डोकं फिरलं. चूक मोठी असेल, पण माणूस मरायला टेकलाय! मी पिशवीतला डबा उघडला, झाकणावर दहीभात काढला आणि एका कोपऱ्यातल्या सपाट दगडावर ठेवला. त्या घराची मी सून, पण ते घर मी कधी पाहिलेलंच नव्हतं.

मागून आवाज आला, "तिथं न्हाणी व्हती, बाई."

चुलतभावाची आई. मामंजींची थोरली वहिनी. वाकून तिनं झाकण उचललं, जोत्यावर चढून आत गेली, जराही न शोधता एका जागी बसली आणि निवद खाली ठेवला. पदर सारखा करून उठली. जाताना खुर्चीपाशी थांबली. एवढ्या वर्षांत गावातलं पहिलं माणूस त्यांच्यासमोर थांबलं होतं. मामंजींनी तिच्याकडे पाहत हात पुढं केला.

"पांढरी," ते म्हणाले.

"व्हती, भावजी," ती म्हणाली, आणि सूप उचलून चालू लागली.

परतताना गाडीत मी मुद्दाम विचारलं, "पांढरी पाहिली ना, मामंजी?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले. तोवर त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही.