मावशीने टोचलेली लस

माझ्या मावशीचं खरं नाव आमच्या भागात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला टोचणीबाई म्हणायचे. आरोग्य केंद्रात ती नर्स होती आणि पस्तीस वर्षं तिने लोकांच्या दंडात न् मांडीत सुया टोचल्या. ती रस्त्यात दिसली की लहान पोरं आईच्या मागे लपायची. मग ही मुद्दाम त्यांच्याकडे बघत पिशवीत हात घालायची. पिशवीत भाजी असायची. मी तीनपर्यंत मोजते असं पोरांना सांगायची आणि दोनलाच टोचायची. ती पोरं मोठी होऊन आपापली पोरं घेऊन यायची आणि त्यांना घरीच बजावून ठेवायची की दोनला सावध राहा. तेव्हा ती एकलाच टोचायला लागली.

तिला जाऊन चार वर्षं झाली. अजूनही कुठे स्पिरिटचा वास आला की मला ती शेजारी उभी असल्यासारखं वाटतं. तिच्या हातांना, केसांना, तिने दिलेल्या गोळ्या-चॉकलेटांनाही तो वास असायचा.

कामाच्या बाबतीत ती भलती काटेकोर होती. लसीच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं म्हणजे लिहायचं, मग घरी दूध उतू गेलं तरी चालेल. सुई टोचली की माणसाला अर्धा तास बाकावर बसवून ठेवायची आणि त्या अर्ध्या तासात त्याच्या घरातलं सगळं काढून घ्यायची. कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळ्यात आधी आरोग्य केंद्राला कळायचं.

आई तिची धाकटी बहीण. ती कोट शिवायच्या कारखान्यात काजं करायची. बटण ज्यातून जातं ते भोक कापायचं आणि त्याच्या कडा हाताने, दोऱ्याने बांधायच्या, हे तिचं काम. कारखान्यात काजाचं यंत्र आलं होतं, पण भारी कोटांची काजं मास्तर आईकडेच द्यायचे. मास्तर म्हणजे कारखान्याचे मालक. आईचा हिशोब ठरलेला होता. काजाच्या एका बाजूला अठ्ठावीस टाके, सत्तावीस नाहीत न् एकोणतीस नाहीत. यंत्राच्या काजाला ती 'रडकं तोंड' म्हणायची. शाळेतून मी थेट कारखान्यात जायची आणि तिच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायची. वरून खडूचे तुकडे पडायचे, इस्त्रीची वाफ यायची, आणि आईचे पाय दिसायचे. ती खुशीत असली की डावा पाय हलायचा. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची जागा होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या कारखान्याचा एक रिवाज होता. हात चालेनासा झाला की घरी. आईच्या आधी काजं करणाऱ्या बाईंचे डोळे अधू झाले, तर दोन दिवसांत त्यांच्या खुर्चीवर आई बसली होती. त्याबद्दल कुणी वाईट वाटून घेतलं नाही. आईनेही नाही.

मी बारा वर्षांची असताना तापाची मोठी साथ आली आणि मास्तरांनी आरोग्य केंद्राला कळवलं की आमच्या सगळ्या कामगारांना इथेच येऊन लस द्या. मावशी लसींचा डबा घेऊन आली. कुणी पुढे यायला तयार होईना. कापड कापणारा सगळ्यात धिप्पाड माणूस, तोच दाराशी जाऊन उभा राहिलेला. शेवटी मावशी आईला म्हणाली, "माझी सख्खी बहीणच घेणार नसेल, तर बाकीच्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू?" आईने नाइलाजाने बाही वर केली. त्या दिवशी पहिली सुई आईला बसली आणि मग एकेक करून सगळ्यांना.

तीन आठवडे झाले आणि आईची बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना. दोन तास कोमट पाण्यात हात ठेवले की थोडे सुटायचे. मग मनगटं, मग गुडघे. मोठ्या दवाखान्यातल्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं की हा म्हातारपणाचा संधिवात नाही. शरीराची राखण करणारी ताकद आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उलटते, तसला आहे. आईने एकच विचारलं, "लसीमुळे झालं का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही लसींनंतर सांधे थोडे दिवस दुखतात आणि आपोआप थांबतात. हा आजार मात्र बहुतेक वेळा आतल्या आत बराच आधी सुरू झालेला असतो. लस घेतलेल्यांत तो जास्त होतो असं मोठ्या पाहणीत दिसत नाही. पण तुमच्या एकटीच्या बाबतीत छातीठोकपणे काही सांगणं कठीण. दुखणं नक्की कधी सुरू झालं?"

"लस घेतल्यावर. विसाव्या दिवशी," आई म्हणाली.

लसीनंतर कुणाला काही झालं की नर्सने त्याचा अर्ज भरून वर पाठवायचा असतो. मावशीच्या सोबतच्या नर्सेस म्हणाल्या, कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस? मावशी म्हणाली, "झालं ते लिहायचं. का झालं ते वरचे बघतील." अर्ज आमच्याच घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरला गेला. लक्षणं कधी सुरू झाली, असा रकाना होता. मावशीने आईला विचारलं. आईने पुन्हा विसावा दिवस सांगितला. मावशी पेन हातात धरून जरा वेळ बसली आणि मग तिने लिहिलं. माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, असा नियम होता. 

मास्तर हादरले. लस कारखान्यात टोचली गेली होती, त्यांच्या हुकमाने. त्यांनी आईला घरी बसवलं नाही. तयार कोट तपासायचं बसून करायचं काम दिलं आणि ते आईने पुढे अकरा वर्षं केलं. माझी शाळा, माझं पुढचं शिक्षण त्यावरच झालं.

मावशीचं मात्र वाटोळं झालं, असंच मी म्हणेन. टोचणीबाईने बहिणीला पांगळं केलं, ही बातमी पसरायला एक दिवस पुरला. दोन गल्ल्यांनी पोरांना लस द्यायला साफ नकार दिला. मावशी वर्षभर दारोदार फिरली, लोकांचं ऐकून घेतलं आणि एकेक पोर परत बाकावर आणून बसवलं. तिला मिळणार असलेली मुख्य नर्सची जागा दुसरीला मिळाली. आणि रोज संध्याकाळी ड्यूटी संपली की ती आमच्याकडे यायची, कारण आईचा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. मावशी तिचे केस विंचरायची आणि आई तिला शिव्या द्यायची. "तुझ्या सुईने माझी सुई गेली" हे तर पाठ झालं होतं. मावशी मान हलवायची, गुंता सोडवायची आणि म्हणायची, "हलू नकोस, केस ओढले जातील."

मला मावशीचा राग यायचा. माझा स्वभाव असा ऐकून घेण्याचा नाही. मला कुणी एक बोललं तर मी चार ऐकवते. मी एकदा तिला म्हटलंही, "तू काय दगड आहेस का?" ती म्हणाली, "आहे की. म्हणून तर माझ्यावर कपडे आपटते तुझी आई." आणि स्वतःच हसली.

अशी एकोणीस वर्षं गेली. मी बाळंतपणाला आईकडे आले आणि मला मुलगी झाली. ती दीड महिन्याची झाली आणि तिच्या पहिल्या लसींची तारीख आली. आई हटून बसली. "माझ्या नातीला मी सुई टोचू देणार नाही. माझे हात बघ. हिलाही असंच व्हायला हवंय का?" आणि तिने ते वाकडे हात माझ्यासमोर धरले. मी शिकलेली, डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलेली, तरी त्या हातांपुढे माझं काही चालेना. मी नवऱ्याला फोन करून विचारलं की आपण महिनाभर थांबू या का.

मावशी तेव्हा निवृत्त झाली होती, थकली होती. खुर्चीत बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. ती उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा आईवर चढ्या आवाजात बोलली. "मला काय बोलायचं ते बोल. मी मरेपर्यंत ऐकेन. पण या पोरीच्या आड आलीस तर मी तुझ्या घरात पाऊल ठेवणार नाही."

 मला वाटलं, आता आई आकाशपाताळ एक करणार. पण ती बाळाजवळ जाऊन बसली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. दुपारचं ऊन पलंगावरून खाली उतरलं, तरी ती तशीच. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा घेऊन हिला. माझं दुखणं लसीच्या आधीचं आहे."

मला आधी कळलंच नाही.

"सहा महिने आधीचं," आई म्हणाली. "सकाळी बोटं वळायची नाहीत. मी अंधारात उठून गरम पाण्यात हात घालून बसायची, तू उठायच्या आत. मास्तरांना कळलं असतं तर दोन दिवसांत खुर्ची गेली असती. पदरात तू. लस घेतली आणि हात आणखी सुजले. लसीने सुजले की सुजायचेच होते, देव जाणे. पण लसीने झालं म्हटल्यावर मास्तर मला काढू शकले नाहीत." तिने बाळाचं पांघरूण सारखं केलं. "आणि रोज सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं, गं."

मला दोघींपैकी कुणाकडे बघावं ते समजेना. राग आला होता, भयंकर आला होता, आणि तो आईवर काढावा तर त्या खोटेपणावरच मी जेवले होते, शिकले होते. मी म्हटलं, "आई, मावशीचं काय केलंस तू, कळतंय का तुला?"

"तिला ओरडू नकोस," मावशी म्हणाली. "मला माहीत होतं."

आता आईने वर पाहिलं.

"लसीच्या चार महिने आधी तू माझा दवाखान्याचा पांढरा कोट शिवून दिलास," मावशी म्हणाली. "काजांना वीस-वीस टाके होते, आणि दोरा जाड. अठ्ठाविसाचे वीस करणारी तू नव्हेस. बोटं दुखत असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

"तरी तू अर्जात मी म्हणाले तेच लिहिलंस?"

"लिहिलं. चुकलंच माझं. त्या दोन गल्ल्यांतली पोरं मी परत आणली, पण महिने गेले. एखाद्या पोराला त्या दिवसांत काही झालं असतं तर? त्याने अजून झोप उडते माझी."

आई म्हणाली, "आणि एवढी वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास. एकदा, एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतंस, ताई."

"म्हटलं असतं तर लाजेने तू माझ्याशी बोलणंच टाकलं असतंस," मावशी म्हणाली. "शिव्या देत का होईना, रोज बोलत होतीस."

आई रडली. मीही रडले आणि आमचं बघून बाळानेही भोकाड पसरलं. मावशी तेवढी रडली नाही. तिने दुपट्यांच्या घड्या पुऱ्या केल्या आणि सांगितलं की सकाळी दहाला निघायचं, नंतर गर्दी होते.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर बाळाला मी मांडीवर घेणार होते. आई म्हणाली, मी घेते. नव्या नर्सने सांगितलं, आजी, पाय घट्ट धरा. आईने धरला, पण तिच्या बोटांत तेवढा जोर नव्हता आणि बाळाचा पाय निसटत होता. मावशी खाली वाकली आणि तिने आईच्या हातांवर आपले हात ठेवले. मग दोघींनी मिळून तो पाय धरून ठेवला.