चपलेच्या रबराचा बुश

आमच्या ह्यांना अख्खी करमूझ वस्ती उस्ता शहाता, म्हणजे शहाता वस्ताद, म्हणते. अलेक्झांड्रियात टॅक्सी चालवण्यात ह्यांचा उभा जन्म गेला. गाडी काळी-पिवळी लाडा. अंगाने अजून शाबूत, पण गिअरचा दांडा म्हणजे पातेल्यात सोडलेला डाव! दुसरा टाकायला जावं तर चौथा पडायचा, गाडी आचके देऊन बंद, आणि मागचे लोक हॉर्न वाजवत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

"अहो अबू हातिम, मिस्त्रीकडे न्या की तिला," मी म्हणायची.

"नेली होती. हल्लीचा बुश महिनाभर टिकत नाही. बिस्किटासारखा तुटतो."

बुश म्हणजे दांड्याच्या बुडाशी बसणारं रबराचं कडं. ते झिजलं की दांडा लुळा पडतो. ऐकून ऐकून माझे कान किटलेत, म्हणून एवढं मलाही कळतं. जुने टॅक्सीवाले ते कडं चपलेच्या टाचेतून कापून बसवतात, फुकटात काम होतं. पण चप्पल हवी जुन्या, जाड रबराची. आताच्या चपला म्हणजे नुसता पाव.

तशा रबराचा एकच जोड आमच्या घरात होता. हातिमचा.

हातिम आमचा एकुलता एक. त्याच्यावरूनच हे अबू हातिम आणि मी, इन्साफ, उम्म हातिम. कागदपत्रांशिवाय समुद्र ओलांडून इटलीत गेला. मिलानमध्ये लोकांच्या भिंती रंगवतो. दर शुक्रवारी फोन करतो आणि दर शुक्रवारी म्हणतो, "कागद झाले की आलोच, आई. पुढच्या ईदला नक्की." किती ईद आल्या आणि गेल्या! त्याच्या चपला मी दारात ठेवल्या होत्या, तोंड घराकडे करून. आल्या आल्या पाय घालील म्हणून. रोज फडक्याने पुसायची. वेडी म्हणा मला, म्हणा खुशाल.

परवाच्या शुक्रवारी मासे तळायला घेतले होते. दाराकडे नजर गेली तर एक चप्पल उपडी. तळवा वर करून पडलेली चप्पल आमच्यात कुणी क्षणभरही तशी ठेवत नाही, अल्लाकडे तळवा नको म्हणून. वाटेने जाणारा परकासुद्धा ती सरळ करून पुढे जातो. मी पिठाच्या हातांनीच धावले. सरळ करायला उचलली आणि पाहते तो काय, टाचेला हे एवढं भोक!

तशीच ती हातात घेऊन जिना उतरले. हे गाडीत बसून दांडा पुढे-मागे करत होते.

"बघ उम्म हातिम, गिअर एका बोटाने पडतोय!"

"हात झडो तुमचे! दुनियेतलं रबर संपलं होतं का? माझं पोर घरी आल्यावर अनवाणी फिरेल?"

वरच्या मजल्यावरची उम्म ज़की भाजीसाठी दोरीने टोपली खाली सोडत होती, ती टोपली मधेच लटकत ठेवून ऐकायला लागली. ऐकू दे मेली. मी काही बोलायचं बाकी ठेवलं नाही.

ह्यांची जीभ माझ्यापेक्षा तिखट. मी एक बोलले तर हे दोन सुनावतात. त्या दिवशी मात्र दांड्यावर हात ठेवून खाली बघत बसले. ह्याच माणसाने हातिमचा शाळेतला फाटका सदरासुद्धा मला कुणाला देऊ दिला नव्हता. येणाऱ्या मुलाची चप्पल कुठला बाप कापेल?

मी शेजारच्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं.

"काय बोलला तो तुमच्याशी?"

"रमजानमध्ये बोलला," हे म्हणाले. "कागदांचा अर्ज पुन्हा नाकारला. म्हणाला, बाबा, आलो तर परत जाता येणार नाही. आणि अलेक्झांड्रियात राहून मी करू काय? आईला सांगू नका म्हणाला."

"म्हणून चप्पल कापलीत?"

"तू दारात त्याच्या चपला तरी बघतेस, इन्साफ. मी दिवसभर रस्त्यावर असतो. माझ्या हाताला त्याचं काहीतरी हवं होतं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि रडले. पोटभर रडले. हेही रडले. मग मी ओढणीने तोंड पुसलं.

"मला कळलंय हे त्याला सांगू नका," मी म्हटलं. "ते खोटं सांगायला तरी दर शुक्रवारी फोन करतो. कळलं तर तेही बंद करेल."

संध्याकाळी फोन आला. "आई, पुढच्या ईदला नक्की हं."

"ये रे बाळा. जेवायला काय करून ठेवू?"

त्याने एकेक सांगायला सुरुवात केली. मुलुखियाची पातळ भाजी, भरलेली कबुतरं, तळलेली वांगी. खूप वेळ सांगत होता. मी प्रत्येकाला हो म्हणत गेले.