त्याला आजार, मला आळस

"ही आमच्या शाळेची न्हाई साहेब. खिचडीवालीसंग आलेली हाय."

हेडसर असं म्हणले तवा मी सातवीच्या वर्गाच्या दारात उभी होते. माझ्याच वर्गाच्या. अंगात शाळेचाच गणवेश, हाताला तांदळाचा भुगा. तपासणीला आलेल्या साहेबांनी गणवेशाकडं बघितलं आणि हातातली वही चाळायला लागले. पोरं मान खाली घालून हसली.

डोंगरकड्याच्या पुढं आमचं गाव. आमच्या शाळेत रीतच पडली होती. साहेब यायचे, पोरांना उभं करून धडा वाचायला लावायचे. मग ज्याला वाचता येत न्हाई ते पोरगं त्या दिवशी वर्गात दिसूच द्यायचं न्हाई. कोणाला घरी हाकलायचं, कोणाला पाणी भरायला धाडायचं. मला खिचडीचे तांदूळ निवडायला.

मला वाचता येत नव्हतं, हे खरंय. अक्षरं एकमेकाच्या अंगावर चढायची. खालची ओळ वर यायची. डोळे दुखायचे, रडू यायचं. पण कानावर पडलं ते पक्कं. धडा एकदा ऐकला की शेवटापर्यंत सांगायची मी. ते हेडसरांना नको होतं. वाच म्हणायचे, मी अडकले की म्हणायचे, "बसा बाईसाहेब. खुरपं धरा, तिथं अक्षर लागत न्हाई."

संस्थेच्या अध्यक्षांचा नातू माझ्याच वर्गात. त्याला बी वाचता येत नव्हतं. बराबर माझ्यासारखंच. पण त्याला नांदेडच्या डॉक्टरकडं नेलं आणि डिस्लेक्सिया निघाला. मग काय, चाचणीला वर्गाच्या मॅडम त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसायच्या. एकेक प्रश्न वाचून दाखवायच्या, तो तोंडानं सांगायचा, त्या लिहून घ्यायच्या. वेळ जास्त. "त्याला आजार हाय, कोणी हसायचं न्हाई," हेडसरांनी वर्गाला बजावलेलं. पोरगा वाईट नव्हता. माझा राग त्याच्यावर न्हाई.

मी हे मायला सांगितलं. हळद काढायचं काम सोडून ती शाळेत गेली. हेडसर तिला बस म्हणले न्हाईत. ती उभ्यानंच म्हणली, "सर, माह्या लेकराला बी तसंच होऊन राहिलं. तिला बी वाचून दाखवा की."

हेडसर हसले. "बाई, ते मोठ्या घरचं दुखणं हाय. तुमच्या बौद्धवाड्यात त्याला आळस म्हणतेत."

माय तशीच माघारी आली. चुलीपुढं बसून राहिली. मला तिचाच राग आला. काहून ऐकून घेतलं हिनं?

मग तो तपासणीचा दिवस. मला बराबर खिचडीच्या खोलीत धाडलं. खोली वर्गाला लागून, सगळं ऐकू यायचं. मॅडम त्या पोराला साहेबांपुढं धडा वाचून दाखवत होत्या, प्रश्न विचारत होत्या. साहेब खुश. शाळा लेकरांची किती काळजी घेते म्हणून राहिले. प्रश्न माझ्या कानावर पडत होते आणि उत्तरं मला येत होती. सगळी. माझं डोकं फिरलं. सूप खाली आपटलं आणि वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. तवाच हेडसरांनी मला खिचडीवालीची करून टाकलं.

मी म्हणलं, "मी याच वर्गातली हाय साहेब. मला बी वाचता येत न्हाई. मला बी वाचून दाखवा, मी उत्तर सांगते."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बघून घ्या हे," हेडसरांना म्हणले आणि अध्यक्षांच्या घरी जेवायला गेले. गाडी वळली तशी हेडसरांनी माझ्या कानाखाली जाळ काढला.

"पाया पड. माफी माग. मगच वर्गात बसायचं."

"न्हाई."

दप्तर उचललं आणि घरची वाट धरली.

घरी मायनं गालावरचे वळ बघितले. माफी मागितली का, विचारलं. न्हाई म्हणलं. "मागू बी नको," म्हणली. दुसऱ्या दिवशी माझ्यासंग आली, मला बाकावर बसवलं आणि वर्गाच्या दारात बसून राहिली. हेडसर आले, बघितलं, परत गेले.

शाळेनं मला शेवटपर्यंत वाचून दाखवलं न्हाई. नुसतं वर ढकललं. दहावीला मायनंच दवाखान्याचे उंबरे झिजवले, डिस्लेक्सियाचा दाखला काढला, तवा कुठं लेखनिक भेटला. पास झाले. डॉक्टरीणबाई म्हणली, हा आजार बी न्हाई आणि आळस बी न्हाई, शिकवायची तऱ्हा बदलावी लागते. त्या शाळेत माझी जी वर्षं गेली, ती मी माफ केलेली न्हाई.

आता ज्या लेकराला हेडसर आळशी म्हणतेत, त्याच्या घरी मी जाते. मायबापाला सांगते, लेकराला वाचून दाखवणं कायद्यात हाय, भीक न्हाई ही, अर्ज करा. न्हाई म्हणले तर मला बोलवा.

परवा हेडसरांनी रस्त्यात अडवलं. "गावातली पोरं भडकवून राहिली का गं?"

"व्हय," मी म्हणलं. "तुमी रिटायर होईपर्यंत भडकवणार. मग तुमच्या जागी जो येईल, त्याच्या बी पुढं."