पाच घरांची एक किल्ली

आमच्या गावठाणातल्या घराची किल्ली पूर्वी शेजारच्यांच्या ओटीवर खिळ्याला लटकलेली असायची. ज्याला लागेल त्यानं घ्यायची, काम झालं की परत लटकवायची. आता आम्ही पाच घरं पांगलोय, कुणी कांदिवलीला, कुणी नाहूरला. अंधेरीत मी तेवढी उरले. सासऱ्यांच्या घराचे कागद, नकाशे, सगळ्यांची आधार कार्डं, असं सगळं स्कॅन करून मी घरातल्या एका छोट्या कंप्युटरवर ठेवलंय. परक्या कुणाला दिसू नये, पण आपल्या माणसांना फोनवरून उघडता यावं, म्हणून त्यावर व्हीपीएन बसवलं. शिकवायला कोण होतं? व्हिडिओ बघत, चुकत, पुन्हा बघत केलं बाई.

त्यात एक मूळ किल्ली असते, म्हणजे एक फाइलच. तिची सही झाली की नव्या किल्लीला सर्टिफिकेट मिळतं, मगच सर्व्हर, म्हणजे तो छोटा कंप्युटर, आत घेतो. ती मूळ किल्ली सर्व्हरवर ठेवायची नसते, एवढं मला पक्कं कळलं होतं. ती पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह कपाटात, साड्यांखाली.

पण पुढे माझ्यातली गावठाणातली बाई जागी झाली. पाच घरांना पाच किल्ल्या कशाला? आपलीच तर माणसं! एकच केली आणि दिली घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून.

मग धाकट्या जावेचा फोन घाटकोपरला रिक्षात राहिला. मला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही तिच्या मुलीकडून. मुलीच्याच फोनवर जावेला बोलावून घेतलं.

"तीन दिवस गप्प बसलीस? अगं, सगळ्यांचे कागद आहेत ना त्यात!"

"सांगणारच होते, ताई. पण किल्ली एकच ना. तुम्ही ती बंद केली की सगळ्यांचंच बंद. मग मधले भावजी म्हणणार, हिनंच वाट लावली."

मी आधी ती किल्ली रद्द केली. तासाभरात मधल्या दिरांचा फोन. "वहिनी, आत जाताच येत नाही. कुणी काय केलं?"

"मी केलं. पाच घरं एका किल्लीवर ठेवली."

तिला पाठीशी घालायला नाही म्हटलं मी तसं. फोन कुणाचाही हरवतो. पण तिला सांगायची चोरी झाली, ती माझ्यामुळे. वेगळी किल्ली म्हणजे अविश्वास, असं मी धरून चालले होते. वेगळी असती तर ती त्याच दिवशी बोलली असती, आणि मी फक्त तिचीच बंद केली असती.

रविवारी लॅपटॉप घेऊन आधी तिच्याकडेच गेले. ती म्हणाली, "मला नकोच, ताई. इतरांना द्या."

"बस गप. तुझी पहिली."

इंटरनेट बंद केलं, पेनड्राइव्ह लावला, तिच्या नावाची किल्ली केली. पासवर्डाची वेळ आली तसा लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

"तुम्हाला सांगून ठेवू? मी विसरले तर?"

"विसरलीस तर नवी करू. मला सांगायचा नाही."

मी खिडकीकडे तोंड केलं. ती एकेक अक्षर शोधत होती. मग वायर लावून किल्ली तिच्या नव्या फोनात टाकली, लॅपटॉपवरची पुसली. तिनं फोन उघडला, सासऱ्यांच्या घराचा नकाशा आला.

"आणि हा पण हरवला तर?" तिनं विचारलं.

"तर मला लगेच फोन करायचा."

"लगेच करीन," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.